रॅम्प सर्वांत शेवटी: नागपुरातल्या लॉज-हॉटेलची खोली दिव्यांग पाहुण्यांसाठी तयार करण्याचा योग्य क्रम

धंतोली, रामदासपेठ, मेडिकल चौक, सेंट्रल एव्हेन्यू. या भागांतल्या लॉजवर उतरणाऱ्यांत उपचारासाठी आलेली कुटुंबं मोठ्या संख्येनं असतात. कुणी बालाघाट-छिंदवाड्याहून, कुणी गडचिरोली-यवतमाळहून. सोबत पाय फ्रॅक्चर झालेले काकाजी, पक्षाघातानंतर वॉकरवर आलेली आई, नाहीतर व्हीलचेअरवरचा तरुण मुलगा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांत वयस्कर माणसं खूप. डिसेंबरात अधिवेशन, थंडीत पेंच-ताडोब्याचे पर्यटक. म्हणजे ही खोली कधीमधी लागणारी गोष्ट नाही, वर्षभर लागते.

आता कित्येक मालकांना ही सोय करायची आहे, खर्च करायचीही तयारी आहे. तरी काम फसतं, कारण सुरुवात रॅम्पपासून होते. ठेकेदार येतो, पायऱ्यांवर सिमेंटचा उतार ओततो, निळी पाटी लागते. पाहुणा रॅम्पवरून कसाबसा आत येतो, लिफ्टच्या दारात अडकतो. लिफ्टमधून सुटला तर बाथरूमच्या दारात अडकतो. आणि ज्या माणसाला संडासला जाता येत नाही, तो त्या खोलीत राहूच शकत नाही, बाहेर कितीही चांगला रॅम्प असो.

म्हणून क्रम उलटा धरा. आधी संडास-बाथरूम, मग खोली, मग मजला, मग रिसेप्शन, मग मुख्य दार, आणि सगळ्यात शेवटी रॅम्प. कोणतं बाथरूम दुरुस्त होऊ शकतं यावर खोली ठरते. खोलीवर मजला ठरतो, मजल्यावर आत येण्याचा रस्ता. रॅम्प कुठल्या दाराला हवा हे त्यानंतरच कळतं. कधी कधी तो पुढच्या दाराला नव्हे, पार्किंगकडच्या बाजूच्या दाराला लागतो, आणि तिथे एकच पायरी असते.

## टप्पा १: मोजमाप, तोडफोडीआधी

लागणारं सामान थोडं आहे: मेजर टेप, खडू, मिस्त्रीची पाण्याची लेव्हल नळी आणि एक व्हीलचेअर. व्हीलचेअर सर्जिकलच्या दुकानात दिवसाच्या भाड्यानं मिळते. ती आणल्याशिवाय काम सुरू करू नका. कागदावर मावणारी खुर्ची प्रत्यक्षात मावत नाही, कारण चाकाबाहेर हात आणि कोपरं असतात, पुढे पावलं असतात.

रस्त्यापासून कमोडपर्यंत चालत जा आणि प्रत्येक अडथळा वहीत लिहा. प्रत्येक दाराची मोकळी रुंदी, प्रत्येक उंबरठ्याची उंची, प्रत्येक वळणावरची जागा.

दार मोजताना जवळपास सगळेच चुकतात. चौकट मोजतात. चौकट अडीच फुटांची असली तरी दार उघडल्यावर पल्ल्याची जाडी आणि बिजागरी जागा खातात. पल्ला ९० अंशांत उघडा ठेवा आणि पल्ल्यापासून समोरच्या चौकटीपर्यंतचं अंतर मोजा. हाच आकडा खरा. तो ९०० मिमी, म्हणजे जवळपास ३ फूट हवा. जुन्या लॉजच्या बाथरूमचं अडीच फुटी दार इथेच नापास होतं.

व्हीलचेअर जागच्या जागी वळायला १५०० मिमी व्यासाचं, म्हणजे ५ फुटांचं मोकळं वर्तुळ लागतं. खडूनं ते जमिनीवर काढा, मग पलंग, टेबल, कपाट त्याच्या बाहेर बसतं का ते बघा.

केंद्रीय गृहनिर्माण व शहरी कार्य मंत्रालयानं २०२१ मध्ये सार्वत्रिक सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं आणि मानकं प्रसिद्ध केली. आर्किटेक्टला तीच समोर ठेवायला सांगा. या लेखात रोज लागणारी मापं आहेत, ती तत्त्वं वाचण्याला पर्याय म्हणून नव्हे.

तपासणी: वहीतली यादी पूर्ण झाल्यावर व्हीलचेअरवर स्वतः बसा आणि पाय जमिनीला न लावता गेटपासून कमोडपर्यंत जाऊन दाखवा. जिथे थांबावं लागलं तिथे लाल खूण करा.

## टप्पा २: खोली निवडणं

सर्वांत आधी तळमजला बघा. पुष्कळ लॉजमध्ये तळमजल्यावर दुकानं किंवा पार्किंग असतं आणि मालक म्हणतात, "लिफ्ट आहे ना." ती लिफ्ट मोजा. चार-सहा माणसांच्या जुन्या लिफ्टचं दार बहुधा अरुंद असतं; इथेही ९०० मिमी हवेत. शिवाय वीज गेली की वरच्या मजल्यावरचा पाहुणा अडकतो. वरच्याच मजल्यावर खोली द्यायची असेल, तर लिफ्ट जनरेटरवर चालते का, आणि वीज जाताच जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडणारी यंत्रणा तिच्यात आहे का, हे आधी पक्कं करा.

दुसरी गोष्ट भिंत. बाथरूमचं दार रुंद करायचं तर त्या भिंतीत कॉलम किंवा पाण्याची मुख्य पाइपलाइन आहे का ते पाहा. जुनी इमारत विटांच्या भारवाही भिंतींवर उभी असेल, तर इंजिनीअरला विचारल्याशिवाय एक वीटही काढू देऊ नका.

जिना-स्टोअरजवळची, खिडकी नसलेली, दुसऱ्या कुणाला देता येत नाही अशी खोली या कामासाठी काढू नका. असं सर्रास होतं. पाहुणा तेवढंच भाडं भरतो, त्याला उजेड आणि वारा तेवढाच हवा.

दुसरं दृश्यही ओळखीचं आहे. खोली तयार होते, दोन-चार महिने तसा पाहुणा येत नाही, आणि मोठं बाथरूम झाडू-बादल्या, जादा गाद्या, तुटके कूलर ठेवायला वापरलं जातं. ही खोली इतर पाहुण्यांना जरूर द्या, पण सर्वांत शेवटी द्या, आणि तिथे सामान ठेवायचं नाही हे हाउसकीपिंगच्या यादीत लिहून टाका.

## टप्पा ३: बाथरूम

सर्वांत जास्त पैसा आणि लक्ष इथे द्या.

दार. बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणाऱ्या दाराचा दुहेरी धोका आहे: ते वळायची जागा खातं, आणि पाहुणा आत पडला तर त्याच्या अंगानं दार अडतं. कडी अशी हवी की गरज पडली तर बाहेरून उघडता येईल.

उंबरठा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात दोन इंचांची पट्टी ठेवायची आपली पद्धत आहे. ती काढावी लागेल. १२ मिमी, म्हणजे अर्धा इंच, याहून जास्त उठाव नको. त्याऐवजी फरशीचा ढाळ दारापासून उलट दिशेला द्या आणि दाराच्या रेषेत लांब जाळीची नाली घ्या. मिस्त्री म्हणेल, "पाणी येईल भाऊ." बादलीभर पाणी ओतून ढाळ दाखवायला सांगा. फरशी बसवण्याआधी, बसवल्यावर नव्हे.

कमोड. बसायची उंची जमिनीपासून ४५० ते ४८० मिमी. जुन्या लॉजमध्ये भारतीय पद्धतीचा संडास एका पायरीच्या ओट्यावर असतो, आणि बदल करताना कमोड त्याच ओट्यावर बसवून मोकळे होतात. मग व्हीलचेअर जवळ जात नाही आणि बसणाऱ्याचे पाय लोंबकळतात. ओटा फोडावाच लागतो. कमोडच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला ९०० मिमी मोकळी जागा ठेवा, म्हणजे खुर्ची शेजारी लावून सरकता येतं. त्या मोकळ्या जागेत डस्टबिन, वॉशिंग मशीन, काही नको.

आधाराचे दांडे. भिंतीच्या बाजूला पक्का दांडा, मोकळ्या बाजूला वर उचलता येणारा. टॉवेल टांगायचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. तो प्लॅस्टिकच्या गुल्ल्यांवर असतो आणि पूर्ण वजन पडलं की टाइलसकट निघतो. पकड भरीव विटेत किंवा काँक्रीटमध्ये हवी, आणि दांडा व भिंत यांच्यात बोटं जातील पण कोपर अडकणार नाही इतकी, साधारण ५० मिमी जागा.

अंघोळ. आपल्याकडे बहुतेकांना बादली-मग लागतो, आणि बसून अंघोळ करणाऱ्याला जमिनीवरची बादली वाकून उपसावी लागते. तोल तिथेच जातो. बादलीसाठी फूटभर उंचीचा पक्का ओटा आणि त्यावर नळ घ्या. जोडीला हातात धरायचा शॉवर. बसायला भिंतीत बसवलेली घडीची सीट, नाहीतर रबरी पायांचं पक्कं शॉवर स्टूल, कमोडएवढ्याच उंचीचं.

खबरदारी: ओल्या फरशीवर साधी प्लॅस्टिकची खुर्ची देऊ नका. तिचे पाय फाकतात. हा आपल्याकडचा सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत घातक जुगाड आहे.

गरम पाणी. मणक्याला इजा झालेल्या किंवा जुना मधुमेह असलेल्या माणसाच्या पायांना चटका कळत नाही. पाणी उकळतं असलं तरी तो पाय बाजूला घेणार नाही. या खोलीच्या गीझरचं तापमान कमी ठेवा आणि मिक्सर नळ लावा.

घंटी. मदतीचं बटण दोन ठिकाणी: एक बसून हात पोचेल तिथे, एक जमिनीपासून ३०० मिमीवर. पडलेला माणूस वरच्या बटणापर्यंत पोचत नाही. घंटी जिथे वाजते तिथे रात्रीही माणूस हवा.

तपासणी: धडधाकट, वजनदार माणसाला दांड्यावर पूर्ण भार टाकून लटकायला सांगा. मग फरशी ओली करून, साबणाचं पाणी टाकून अनवाणी चाला. पाय सरकला तर फरशी बदला. चकचकीत टाइल्स कितीही महाग असल्या तरी बाथरूममध्ये नकोत.

## टप्पा ४: खोलीच्या आत

पलंगाची वरची पातळी, गादीसकट, व्हीलचेअरच्या सीटएवढी हवी: साधारण ४५० ते ५०० मिमी. जाड गादी टाकून उंची दोन फुटांवर गेलेले पलंग हल्ली खूप दिसतात. त्यांवर खुर्चीतून सरकता येत नाही. पलंगाच्या एका बाजूला तरी ३ फूट मोकळे ठेवा. कपाटाचा टांगायचा दांडा खाली घ्या, दार सरकतं ठेवा. स्विच, पडद्याची दोरी, एसीचा रिमोट, चार्जिंगचा प्लग पलंगावरून हाताला येऊ द्या.

पर्यटन मंत्रालयाचं स्टार वर्गीकरण घेणाऱ्या हॉटेलला दिव्यांग पाहुण्यासाठी किमान एक खोली ठेवावी लागते. तिच्यात १ मीटर रुंदीचं दार, कमी उंचीचं फर्निचर, खाली बसवलेलं पाहण्याचं भोक, आणि आवाजासोबत दिव्याची उघडझाप करणारा अलार्म अपेक्षित आहे. तुम्हाला स्टार घ्यायचे नसले तरी ही यादी उपयोगाची आहे. विशेषतः शेवटची गोष्ट. कर्णबधिर पाहुण्याला आगीचा भोंगा ऐकू येत नाही, दारावरची थापही नाही. बेलला जोडलेला दिवा इलेक्ट्रिशियन एका दिवसात लावून देतो.

नागपूरची एक खास अडचण कूलरची. मार्चपासून जूनपर्यंत गॅलरीत, पॅसेजमध्ये स्टँडवर कूलर येतात, पाण्याचे पाइप आणि वायर जमिनीवरून जातात. हिवाळ्यात मोजलेला चार फुटी पॅसेज एप्रिलमध्ये अडीच फूट उरतो. पांढरी काठी जमिनीलगत फिरते, त्यामुळे खिडकीतून छातीच्या उंचीवर बाहेर आलेला कूलर तिला सापडत नाही, माणसाला लागतो. तो काढता येत नसेल तर त्याच्या खाली जमिनीपर्यंत कुंडी किंवा पेटी ठेवा, म्हणजे काठीला कळेल. या खोलीला तरी एसी किंवा डक्टचा कूलर द्या.

रिसेप्शनजवळच्या मोठ्या कूलरचं आणखी एक. श्रवणयंत्र वापरणाऱ्याला त्या घरघरीत समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पाहुणा "काय, काय" करतो आणि कर्मचारी आवाज चढवतो. चेक-इनपुरता कूलर बंद करा, समोर उभं राहून सावकाश बोला, दर आणि वेळा लिहून द्या.

## टप्पा ५: रिसेप्शनपासून मुख्य दारापर्यंत

काउंटरचा एक भाग ७५० ते ८०० मिमी उंचीचा हवा, खाली गुडघे जातील अशी पोकळी ठेवून. नवा काउंटर परवडत नसेल तर बाजूला साधं टेबल ठेवा आणि रजिस्टर तिथे न्या.

काचेच्या दाराला बसून आणि उभं राहून दोन्हीकडून दिसेल अशी ठळक पट्टी लावा, कमी दिसणारा माणूस काचेला धडकतो. दारातलं जाड काथ्याचं पायपुसणं काढा. त्यात चाकं रुततात, काठी अडकते. खोल्यांचे आकडे उठावाचे, मोठे आणि दारापेक्षा वेगळ्या रंगाचे करा. सोनेरी दारावर सोनेरी आकडा कुणालाच नीट दिसत नाही.

पायऱ्यांच्या कडांना वेगळ्या रंगाची पट्टी हे सर्वांत स्वस्त काम आहे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या सर्वांत जास्त उपयोगाचं. मोतीबिंदू असलेल्यांना एकसारख्या काळ्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या सपाट दिसतात.

स्पर्शाच्या पिवळ्या टाइल्स लावणार असाल तर अर्थ समजून लावा. लांब रेघांची टाइल म्हणजे पुढे चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे वळण, पायरी किंवा दार आहे. सजावट म्हणून दोन्हींची नक्षी करणारे दिसतात. अंध माणसाला ती चुकीची दिशा दाखवते.

## टप्पा ६: आता रॅम्प

मिस्त्रीला एकच नियम सांगा: एक इंच उंचीला एक फूट लांबी. १:१२ म्हणतात तो हाच. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच, म्हणजे १८ फुटांचा रॅम्प. शिवाय वर आणि खाली प्रत्येकी ५ फूट सपाट जागा. एकूण २८ फूट. हा आकडा ऐकून बहुतेक मालक गप्प होतात, आणि ठेकेदार सहा फुटांत काम उरकून देतो. त्या चढावर खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते, उतरताना खुर्ची हातातून सुटते. असा रॅम्प नसलेला बरा, कारण पाहुणा त्याच्यावर विश्वास ठेवतो.

जागा नसेल तर रॅम्प मध्ये वळवून इंग्रजी यू आकाराचा करा आणि वळणावर ५ फुटी सपाट टप्पा द्या. सरळ रॅम्पही लांब असेल तर साधारण ५ मीटरवर विसाव्याचा सपाट टप्पा हवा. तेही जमत नसेल तर बाजूचं दार बघा, नाहीतर खुर्चीसकट माणसाला सरळ वर उचलणारा प्लॅटफॉर्म लिफ्ट. घडीचा ॲल्युमिनियम रॅम्प फक्त एका छोट्या पायरीसाठी ठीक आहे.

रुंदी किमान १२०० मिमी. दोन्ही बाजूंना रेलिंग, दोन उंचींवर: ७६० आणि ९०० मिमी. कडेला छोटी कठडी, म्हणजे चाक घसरून खाली जाणार नाही. दारासमोर सपाट जागा न ठेवता चढ थेट दाराला भिडवणं ही नेहमीची चूक आहे. चढावर उभं राहून दार ओढताना खुर्ची मागे जाते.

रॅम्प फुटपाथवर किंवा रस्त्यावर काढू नका. तो अतिक्रमणात जातो आणि पायी चालणाऱ्या अंध माणसाच्या वाटेत येतो.

शहरातल्या सिमेंट रस्त्यांमुळे काही ठिकाणी रस्ता वर आणि अंगण खाली अशी स्थिती आहे. तिथे रॅम्प रस्त्यावरून खाली उतरतो आणि पावसाचं पाणी त्याच्यासोबत आत येतं. रॅम्पच्या पायथ्याला आडवी जाळीची नाली घ्या. जाळीच्या फटी १२ मिमीपेक्षा मोठ्या नकोत आणि त्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात. उभ्या फटीत पुढचं छोटं चाक अडकलं की माणूस तोंडावर पडतो.

खबरदारी: उन्हातलं स्टीलचं रेलिंग मे महिन्यात हात लावू देत नाही. पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा ज्याला आधाराची गरज आहे तोच हात काढून घेतो. वर पत्र्याचं किंवा कापडाचं छत घाला, नाहीतर रेलिंगवर उष्णता न धरणारं आवरण चढवा. रॅम्पला पॉलिश केलेला ग्रॅनाइट किंवा चकचकीत कोटा फरशी नको. खरखरीत फरशी किंवा रेघा ओढलेलं काँक्रीट.

पार्किंगची एक जागा दारापासून ३० मीटरच्या आत, ३.६ मीटर रुंद. जादा रुंदी कारशेजारी व्हीलचेअर उघडण्यासाठी आहे. तिथे दुचाकी लागणार नाही हे गार्डला रोज सांगावं लागतं. सांगत राहा.

## टप्पा ७: जेवण

सावजी भोजनालय असो की हॉटेलचं रेस्टॉरंट, जमिनीला ठोकलेली बाकडी हीच मोठी अडचण. एक टेबल तरी सुट्या खुर्च्यांचं ठेवा, खाली मधला खांब नसलेलं, दाराजवळचं. पाहुणा आला की एक खुर्ची बाजूला घ्या.

मेन्यूचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवणं ही भली पण अपुरी कल्पना आहे. फोनमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फोटोतली अक्षरं नीट वाचत नाही. तोच मेन्यू टाइप करून, साध्या मजकुरात, दरांसकट पाठवा. अंध पाहुण्याला ताट देताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगा: बाराला भात, तीनला पाटोडीची वाटी, रस्सा गरम आहे. तर्री किती तिखट आहे हेही आधी सांगा, बाहेरच्या पाहुण्याला अंदाज नसतो.

## टप्पा ८: कर्मचाऱ्यांची तयारी

बांधकामावर लाखभर खर्च करून प्रशिक्षणावर एक दुपारही न देणारे पुष्कळ. गेटवरचा गार्ड, रिसेप्शन, रूम बॉय, रात्रपाळीचा माणूस, सगळ्यांना एकत्र बसवा. शिकवायला दिव्यांग व्यक्तीलाच बोलवा आणि तिच्या वेळेचं मानधन द्या. शिकवायच्या गोष्टी या:

- आधी विचारा, मग हात लावा. "काकाजी, मदत करू का? कशी करू?" न विचारता व्हीलचेअर ढकलणं म्हणजे माणसालाच ढकलणं.
- सोबतच्याशी नव्हे, पाहुण्याशी बोला. "यांना काय लागेल?" हा प्रश्न माणूस समोर बसलेला असताना त्याच्या भावाला विचारू नका.
- अंध पाहुण्याचा हात ओढू नका. आपलं कोपर पुढे करा, ते धरतील. खोलीत नेल्यावर दारापासून पलंग, बाथरूम, स्विच, पाणी कुठे आहे ते एकदा फिरून दाखवा, आणि साफसफाईनंतर वस्तू जिथल्या तिथे ठेवा.
- कर्णबधिर पाहुण्याकडे तोंड करून बोला. कागद-पेन किंवा फोनवर टाइप करणं चालेल. ओरडून उपयोग नाही.
- ऑटिझम किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेलं मूल ओरडलं, धावलं, तर इतर पाहुण्यांसमोर पालकांना बोलू नका. शांत कोपरा, कमी आवाज, कमी प्रकाश देऊ करा.

खोली देण्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागू नका. हात-पाय मोडलेला, गरोदर, शस्त्रक्रिया झालेला, सत्तरीचा, कुणालाही ती खोली लागू शकते.

विदर्भात आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. सिकलसेल हा रक्ताचा आजार इथे अनेक कुटुंबांत आहे आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याचा समावेश आहे. वरून काही दिसत नाही. पण पाणी कमी पडलं, अति ऊन किंवा अति थंडी लागली, खूप दमणूक झाली की असह्य वेदना सुरू होऊ शकतात. अशा पाहुण्यानं जवळची खोली, जास्त पिण्याचं पाणी किंवा एसी कमी करण्याची विनंती केली तर "दिसता तर चांगले" असं म्हणू नका. मागितलं ते द्या.

रात्रीची तपासणी: आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही. मग या खोलीतल्या पाहुण्याला बाहेर कोण आणणार? पाळीनुसार माणसाचं नाव कागदावर लिहून रिसेप्शनच्या मागे लावा.

## टप्पा ९: माहिती खरी द्या

"पूर्णपणे दिव्यांगस्नेही" असं लिहू नका. त्या शब्दांवरून पाहुण्याला काहीही ठरवता येत नाही. आकडे लिहा: रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या, बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी, पलंगाची उंची, कमोडच्या कोणत्या बाजूला मोकळी जागा. ही बाजू महत्त्वाची आहे, कारण पक्षाघात झालेल्याला एकाच बाजूनं सरकता येतं. रॅम्प, दार, बाथरूमचे फोटो टाका. जे नाही तेही लिहा. "लिफ्ट नाही, खोली तळमजल्यावर" हे वाक्य वाचून माणूस निर्धास्त बुकिंग करतो.

फोनवर "काय आजार आहे?" असं विचारू नका. विचारा: किती पायऱ्या चढता येतात, व्हीलचेअर किती रुंद आहे, सोबत कुणी आहे का, खोलीत काही बदलून ठेवू का. उत्तरं रजिस्टरमध्ये लिहा, म्हणजे पाळी बदलल्यावर पाहुण्याला पुन्हा सगळं सांगावं लागणार नाही. या खोलीचं भाडं जास्त लावू नका आणि बुकिंग झाल्यावर ती दुसऱ्याला देऊ नका. इतर पाहुण्याला दुसरी खोली चालते, याला नाही.

फिरायला कुठे जावं हे विचारलं तर जे स्वतः पाहिलं तेच सांगा. मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत, त्यामुळे खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर हे दोन्ही मार्ग उपयोगी पडतात. सीताबर्डीला गाडी बदलता येते. पण स्थानकापासून तुमच्या दारापर्यंतचा रस्ता व्हीलचेअरनं पार होतो का हे चालून बघा. रामटेकच्या गडावर गाडी वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या आहेतच. पेंच-ताडोब्याच्या जिप्सीत चढायला पाऊल बरंच उंच टाकावं लागतं, ते आधी सांगा. मणक्याच्या वरच्या भागात इजा झालेल्यांना इजेखालच्या शरीराला नीट घाम येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांचं अंग झपाट्यानं तापतं. एप्रिल-मेमध्ये त्यांना सकाळी दहाच्या आत परत येईल असंच फिरणं सुचवा आणि सोबत पाण्याची स्प्रे बाटली द्या.

## कायद्याचं थोडक्यात

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये "सार्वजनिक इमारत" या व्याख्येत लोकांचा वावर असलेल्या खासगी इमारतीही येतात. कायद्याचं उल्लंघन झाल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत, आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केलं की सुलभतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, किमान बंधनकारक निकष हवेत. नवं बांधकाम किंवा मोठं नूतनीकरण करणार असाल तर नकाशातच ही मापं घाला. बांधून झाल्यावर फोडणं कित्येक पट महाग पडतं.

## टप्पा १०: खरी चाचणी आणि वर्षाचं वेळापत्रक

काम संपल्यावर उद्घाटनाआधी एक व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती आणि एक अंध व्यक्ती यांना एक रात्र राहायला बोलवा. राहणं-जेवण मोफत आणि वर मानधन. तासाभराच्या पाहणीत जे दिसत नाही ते रात्री दोन वाजता बाथरूमला जाताना दिसतं. त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्यावरच संकेतस्थळावर फोटो टाका.

मग वर्षातून तीनदा टेप घेऊन तोच रस्ता चाला. फेब्रुवारीच्या शेवटी, कूलर बाहेर निघण्याआधी. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाआधी: नाली साफ, रॅम्पवर शेवाळ नाही. आणि दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी, गर्दी होण्यापूर्वी: घंटी वाजते, दांडे घट्ट आहेत, दिव्याचा अलार्म चालतो, बाथरूममध्ये गाद्या नाहीत.